'डीम' म्हणजे नुसतं 'समजणे' नव्हे

इंग्रजीतली काही क्रियापदं गप्पांमधे, मेसेजमधे जवळपास कधीच येत नाहीत पण कुठे सही करायची वेळ आली की नेमकी तीच समोर येतात. 'डीम' त्यातलंच एक. डिक्शनरीत बघितलं तर अर्थ मिळतो समजणे, मानणे, लेखणे. अर्थ बरोबर आहे, पण तेवढ्यावर थांबलं तर फसायला होतं, कारण 'यू शॅल बी डीम्ड टू हॅव ॲक्सेप्टेड द टर्म्स' असं वाक्य वाचून बऱ्याच जणांना वाटतं की समोरची पार्टी नुसता अंदाज बांधतेय, तुम्ही अटी मान्य केल्या असाव्यात असं तिला वाटतंय, आणि उद्या वाद झालाच तर आपण सांगू की बाबा मी काही मान्य केलं नव्हतं. तसं ते वाक्य चालत नाही. त्यात अंदाज नाहीच आहे, त्यात ठरवून टाकलंय. तुम्ही मनातून काय मान्य केलं होतं हा प्रश्नच त्या वाक्याने बाजूला काढलेला असतो. (अशी प्रत्येक अट कोर्टात टिकेलच असं नाही, तो वेगळा विषय, पण ती लिहिणाऱ्याचा इरादा हाच असतो.)

आधी साधा वापर बघू. 'द कमिटी डीम्ड द प्रपोझल अनसूटेबल' म्हणजे कमिटीने प्रस्ताव अयोग्य ठरवला. 'द ब्रिज वॉज डीम्ड अनसेफ' म्हणजे पूल धोकादायक ठरवण्यात आला. बघा, 'समजणे'पेक्षा 'ठरवणे' इथे किती चपखल बसतं. पूल धोकादायक आहे असं 'थिंक' कोणीही करू शकतो, रोज त्यावरून जाणारा माणूसही करू शकतो, पण 'डीम' करायला अधिकार लागतो, निदान अधिकाराचा सूर तरी लागतो. म्हणून तपासणी करणारा इंजिनियर, कोर्ट, बोर्ड, रेफरी, विद्यापीठ, विमा कंपनी हे लोक डीम करतात, आणि एखादा मित्र दुसऱ्याला 'आय डीम धिस पिक्चर बोरिंग' म्हणाला तर तो व्याकरणात चुकलेला नसतो पण ऐकणाऱ्याला वाटतं की आता हा निकाल वाचून दाखवतोय की काय. 'कन्सिडर' हा 'थिंक' आणि 'डीम' या दोघांच्या मधे बसतो. त्यात विचार केल्याचा भाव आहे, चर्चेला जागा आहे. डीममधे चर्चा संपलेली असते.

आणि हे क्रियापद बहुतेक वेळा कर्मणी प्रयोगात येतं, म्हणजे 'वॉज डीम्ड', 'इज डीम्ड', 'शॅल बी डीम्ड', आणि त्यात करणारा गायब होतो. 'द कँडिडेट वॉज डीम्ड अनफिट.' कोणी ठरवलं? कशावरून? वाक्य काहीच सांगत नाही, आणि तरी निकाल लागल्यासारखा वाटतो. बातमीत, रिपोर्टमधे, ऑफिसच्या पत्रात 'डीम्ड' दिसलं की माझा पहिला प्रश्न हाच असतो की ठरवणारा कोण. कधी उत्तर दोन ओळी वर सापडतं, कधी पूर्ण कागदात सापडत नाही, आणि सापडलं नाही तर तो कागद परत पाठवून विचारायला काहीच हरकत नाही.

हा निवाड्याचा सूर त्यात आला कुठून तर थेट मुळातून. जुन्या इंग्रजीत 'डोम' असा शब्द होता, त्याचा अर्थ निवाडा, न्याय, कायदा, आणि त्यावरून 'डेमान' हे क्रियापद, म्हणजे निवाडा करणे. तेच पुढे 'डीम' झालं. 'डोम'चं झालं 'डूम'. आज डूम म्हटलं की विनाश, वाईट शेवट असं डोक्यात येतं, पण डूम्सडे म्हणजे मुळात निवाड्याचा दिवस. राजा विल्यमने १०८५ साली इंग्लंडमधल्या जमिनी, गुरंढोरं, मालक सगळ्याची मोजदाद करायला लावली आणि १०८६ मधे जे दप्तर तयार झालं त्याला लोकांनी डूम्सडे बुक म्हणायला सुरुवात केली, कारण त्यात जे लिहिलं गेलं त्यावर अपील नाही, शेवटच्या दिवसाच्या निवाड्यासारखंच. 'किंगडम', 'फ्रीडम'मधला शेवटचा 'डम' पण याच घरातला. 'रिडीम' मात्र यातला नाही हां, कानाला सारखा लागतो पण तो लॅटिनमधून आला, परत विकत घेणे या अर्थाने, कूपन रिडीम करतो ते.

आयरिश समुद्रात आइल ऑफ मॅन नावाचं बेट आहे, तिथल्या हायकोर्टाच्या न्यायाधीशांना आजही 'डीमस्टर' म्हणतात, डीम करणारा तो डीमस्टर. त्यांची शपथ मला फार आवडते. दोन पक्षांमधे न्याय करताना मी हेरिंग माशाचा काटा जसा बरोबर त्याच्या मधोमध असतो तितका निःपक्षपाती राहीन, अशी ती शपथ आहे. मासेमारीवर जगणाऱ्या बेटाला न्यायाचं माप हवं होतं ते त्यांनी रोजच्या हातातल्या वस्तूतून घेतलं. या क्रियापदाच्या मागे खरं तर एवढी जबाबदारी उभी आहे.

आता कायद्यातला डीम, आणि खरी गंमत आणि खरा धोका दोन्ही इथेच आहेत. साध्या वापरात ठरवणारा निदान वस्तुस्थिती बघून ठरवतो, पूल तपासतो आणि मग धोकादायक म्हणतो. कायद्यात डीम त्याच्या पुढे जातं. जे घडलं की नाही ते माहीत नाही, किंवा जे घडलेलंच नाही हे सगळ्यांना माहीत आहे, ते घडलं असं धरून चाला असा तो हुकूम असतो. मराठी कायद्याच्या भाषेत यालाच 'असे मानण्यात येईल' म्हणतात, आणि 'मानीव' हे विशेषणही त्यावरूनच.

नोटिशीचं उदाहरण घ्या. इंग्लंडच्या दिवाणी कोर्टाच्या नियमांत कागद पोचल्याचा दिवस डीम करून दिलेला आहे. फर्स्ट क्लास पोस्टाने टाकला तर टाकल्यानंतरचा दुसरा दिवस, तो कामकाजाचा नसेल तर त्यानंतरचा कामकाजाचा दिवस. इमेलने पाठवला आणि कामकाजाच्या दिवशी दुपारी साडेचारच्या आत पाठवला तर तोच दिवस, नाहीतर पुढचा कामकाजाचा दिवस. तुम्ही इमेल उघडली का, वाचली का, स्पॅममधे गेली का, यातलं काहीही त्या तारखेत येत नाही. असं का केलं तर प्रत्येक केसमधे पाकीट नक्की कधी मिळालं यावर साक्षीपुरावे घेत बसलं तर मूळ भांडणाला हात लागायलाच वर्ष जाईल. म्हणून एक तारीख ठरवून टाकली, सगळ्यांना सारखी.

पण ही सोय उलटूही शकते. २००१ साली इंग्लंडच्या कोर्ट ऑफ अपीलसमोर एक केस आली, त्यात दाव्याचे कागद समोरच्याला प्रत्यक्षात मुदतीच्या आत मिळालेले होते, पण तेव्हाच्या नियमाप्रमाणे डीम होणारी तारीख मुदत संपल्यानंतरची निघत होती. आपल्याला वाटेल की खरंच वेळेत मिळालेत तर वाद कसला. कोर्टाने सांगितलं की नियमाने डीम केलेली तारीख हीच तारीख, प्रत्यक्ष पुरावा देऊन ती बदलता येत नाही. म्हणजे हातात पडलेला कागद कायद्याच्या हिशोबाने अजून पडलेलाच नव्हता! डीमची ताकद समजायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

इथे 'प्रिझ्यूम' आणि डीम यातला फरक लक्षात घ्यायलाच हवा, मराठीत दोन्हीला आपण सरसकट 'गृहीत धरणे' म्हणून मोकळे होतो आणि घोळ होतो. प्रिझ्यूम म्हणजे उलट पुरावा येईपर्यंत धरून चालणे. आरोपीला 'प्रिझ्यूम्ड इनोसंट' म्हणतात ते यासाठीच, गुन्हा सिद्ध होईपर्यंत तो निर्दोष, सिद्ध झाला की ते गृहीतक पडलं. त्याला 'डीम्ड इनोसंट' म्हटलं असतं तर खटला चालवण्यात अर्थच राहिला नसता, कारण मग कितीही पुरावे आणले तरी तो निर्दोषच. अर्थात कायदा लिहिणारे कधीकधी 'विरुद्ध सिद्ध होत नाही तोवर डीम्ड' असंही लिहितात, म्हणजे डीमची धार मुद्दाम बोथट करतात, त्यामुळे पुढचं मागचं वाक्य वाचल्याशिवाय छातीठोकपणे काही बोलू नये.

हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात बघायचे असतील तर इंग्लंडच्या १९२५ च्या लॉ ऑफ प्रॉपर्टी ॲक्टचं कलम १८४ बघा. दोन माणसं अशा परिस्थितीत मेली की आधी कोण गेलं हे सांगता येत नाही, आणि वारसाहक्क तर त्यावरच अवलंबून. कलम म्हणतं की मृत्यू वयाच्या क्रमाने झाले असं प्रिझ्यूम करा आणि म्हणून धाकटा थोरल्याच्या मागे जिवंत राहिला असं डीम करा. कोणी म्हणत नाहीये की धाकटा खरंच दोन मिनिटं जास्त जगला. ते कोणालाच माहीत नाही. पण घर कोणाला द्यायचं हे तर ठरवायलाच लागतं ना. १९४० मधे लंडनमधल्या एका घराच्या शेल्टरवर बॉम्ब पडून आत बसलेले सगळे एकदम गेले, त्यात दोन भाऊ होते, आणि ते सगळे एकाच क्षणी गेले असतील तर हे कलम लागतं का यावरून प्रकरण १९४५ मधे थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टापर्यंत गेलं. बहुमताने ठरलं की लागतं. आणि हे काही जुन्या जमान्यातलं नाही, २०१९ मधेही इंग्लंडच्या हायकोर्टात एका नवराबायकोची केस झाली, दोघंही घरातच थंडीने गारठून गेलेले, आधी कोण गेलं ते मेडिकल पुराव्यावरूनही नक्की सांगता येईना, एकीकडे नवऱ्याची मुलगी, दुसरीकडे बायकोची मुलगी. बायको वयाने लहान होती. तिने नवऱ्याच्या मागे जगणं डीम झालं आणि घर तिच्या मुलीकडे गेलं.

यापेक्षाही नाजूक जागा म्हणजे 'डीम्ड कन्सेंट', मानीव संमती. वेल्समधे १ डिसेंबर २०१५ पासून आणि इंग्लंडमधे २० मे २०२० पासून अवयवदानाचा कायदा असा आहे की सज्ञान माणसाने जिवंतपणी नाही म्हणून नोंदवलं नसेल तर त्याची संमती होती असं धरलं जातं. इंग्लंडच्या २०१९ च्या कायद्याच्या नावातच डीम्ड कन्सेंट हे शब्द आहेत. इथे प्रत्येक शब्दाला वजन आहे. त्या माणसाने हो म्हटलं होतं असं कायदा म्हणत नाही, त्याच्या गप्प राहण्याला तो होकाराचा दर्जा देतो. आणि असा दर्जा देणं ही किती मोठी गोष्ट आहे हे कायदा करणाऱ्यांनाही कळत होतं, म्हणून त्यांनी कुंपणं घातली. अठरा वर्षांखालच्यांना तो लागू नाही, मृत्यूआधी बारा महिन्यांपेक्षा कमी काळ तिथे राहिलेल्यांना नाही, ज्यांना हा निर्णय समजून घेण्याची क्षमताच बराच काळ नव्हती त्यांना नाही, नाही म्हणायला रजिस्टर आहे, आणि प्रत्यक्षात त्या वेळी घरच्यांशी बोलणं होतंच. मला वाटतं डीम वापरायचा प्रामाणिक मार्ग हाच. माणसाच्या तोंडी न बोललेला शब्द घालायचा तर तो कोणाच्या तोंडी घालायचा नाही हेही तिथेच लिहून ठेवायचं. याच्या तुलनेत 'वेबसाइट वापरत राहिलात म्हणजे सगळ्या अटी मान्य' असं लिहिणारे किती सहज लिहून जातात बघा.

मग असं धरून चालायचं तर कुठपर्यंत? या प्रश्नावर ब्रिटिश न्यायाधीश लॉर्ड ॲस्क्विथ यांचं म्हणणं कायदा शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाला भेटतं, १९५२ च्या लॉ रिपोर्टमधला एक निकाल, युद्धात पडलेल्या इमारतीचा वाद होता. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की काल्पनिक परिस्थिती खरी मानायला सांगितली असेल तर तिच्यातून अपरिहार्यपणे जे जे निघतं तेही खरं मानायला लागेल, परिणामांची वेळ आली की कल्पनाशक्तीने कच खाऊन चालणार नाही. त्याच वर्षीच्या रिपोर्टमधे दुसरे एक न्यायाधीश लॉर्ड रॅडक्लिफ यांनी डीम्डचे तीन उपयोग सांगितले, कधी शब्दाला त्याचा नसलेला कृत्रिम अर्थ लावण्यासाठी, कधी संशयाला जागा राहू नये म्हणून, आणि कधी एकाच झोळीत उघड असलेलं, संशयास्पद असलेलं आणि सरळ अर्थाने अशक्य असलेलं असं सगळं घेण्यासाठी. दुसऱ्या बाजूने भारताच्या सुप्रीम कोर्टाने १९५५ च्या बेंगॉल इम्युनिटी केसमधे मर्यादा सांगितली की अशी मानीव गोष्ट एका ठराविक हेतूसाठी उभी केलेली असते, त्या हेतूच्या बाहेर ती ओढायची नाही. ॲस्क्विथ सांगतात की आत शिरलात तर शेवटपर्यंत जा, आणि हा निकाल सांगतो की ज्या दाराने शिरलात त्याच घरात राहा. दोन्ही एकत्र ठेवले की चित्र पूर्ण होतं.

डीम्ड युनिव्हर्सिटी, अभिमत विद्यापीठ, हे तर सगळ्यांना माहितीये, त्यालाही हेच लागू. १९५६ च्या यूजीसी कायद्याच्या कलम ३ खाली एखाद्या संस्थेला त्या कायद्यापुरतं विद्यापीठासारखं वागवायचं असं जाहीर होतं. ती संस्था स्वतःच्या वेगळ्या कायद्याने उभी राहिलेलं विद्यापीठ बनत नाही. म्हणूनच २०१७ मधे सुप्रीम कोर्टाने अशा संस्थांना नावापुढे नुसतं 'युनिव्हर्सिटी' लावायला मनाई केली. डिग्रीची किंमत कमी असा याचा अर्थ नाही, पण 'आहे' आणि 'आहे असं मानलंय' यातली रेघ कोर्टाला ठेवायची होती.

आता लिहिताना काय करायचं ते. डीमच्या पुढे आधी कर्म आणि मग लगेच विशेषण किंवा नाम येतं, 'दे डीम्ड इट नेसेसरी', 'शी वॉज डीम्ड अ रिस्क'. मधे 'टू बी' घातलं तरी चालतं. 'ॲज' मात्र घालू नका. 'डीम्ड ॲज अनसेफ' हे खूप ठिकाणी छापलेलं दिसतं कारण आपल्या डोक्यात 'रिगार्ड ॲज' बसलेलं असतं, पण डीमला तो 'ॲज' लागत नाही, चोखंदळ वाचकाला खटकतो. झालेल्या गोष्टीबद्दल असेल तर 'डीम्ड टू हॅव' आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप, 'डीम्ड टू हॅव रिसीव्हड', 'डीम्ड टू हॅव रिझाइन्ड'. यातलं दुसरं नोकरीच्या कागदात दिसलं तर थांबून वाचा, अमुक दिवस न सांगता गैरहजर राहिलात तर राजीनामा दिला असं मानू असं ते असतं. 'आय ॲम डीमिंग' असं कोणी म्हणत नाही, निवाडा चालू अवस्थेत नसतो, तो दिलेला असतो. उच्चार डीम, दीर्घ ई, ऱ्हस्व केला तर मंद उजेडवाला 'डिम' होतो, आणि 'डीम्ड' एका झटक्यात म्हणायचं, 'डीमेड' नाही.

'ॲज इट डीम्स फिट' हा वाक्प्रचार वेगळा सांगायला हवा कारण तो फार निरुपद्रवी दिसतो. 'द कंपनी मे टेक सच ॲक्शन ॲज इट डीम्स फिट' म्हणजे कंपनीला योग्य वाटेल ती कारवाई, आणि योग्य काय ते ठरवणार कंपनीच. ठरवणारा इथे गायब नाही, उलट ठळक आहे, पण मोजपट्टीही त्याच्याच हातात दिलीय. करारावर बोलणी चालू असतील आणि तुम्ही दुसऱ्या बाजूला असाल तर तिथे 'रीझनेबली' हा एक शब्द घालायचा आग्रह धरा, 'ॲज इट रीझनेबली डीम्स फिट'. मग निदान ठरवणाऱ्याला उद्या कारण दाखवावं लागतं. एका शब्दासाठी मेल पाठवायला संकोच वाटतो हे मला माहितीये, तरीही पाठवा.

तुम्हीच लिहिणारे असाल, नियम करणारे, सोसायटीचं किंवा क्लबचं सर्क्युलर काढणारे असाल, तर डीम टाळता येतं आणि बऱ्याचदा टाळावं. इंग्लंडच्या २००२ च्या दत्तक कायद्यात दत्तक मूल हे दत्तक घेणाऱ्यांच्या पोटीच जन्मलेलं असल्यासारखं 'ट्रीट' केलं जाईल असं लिहिलंय, डीम नाही. 'ट्रीटेड ॲज' म्हटलं की वाचणाऱ्याला लगेच कळतं की हे वागवण्याबद्दल आहे, जन्माच्या हकिकतीबद्दल नाही. सात दिवसांत हरकत आली नाही तर मिनिट्स 'शॅल बी डीम्ड अप्रूव्हड' असं लिहिण्याऐवजी सात दिवसांत हरकत कळवा, नाही कळवलीत तर मंजूर धरू, असं सरळ लिहा, आणि हरकत कोणाकडे आणि कुठल्या पत्त्यावर कळवायची तेही त्याच ओळीत द्या.